माझा जीव घे

कोल्हापूर,
४ ऑगस्ट २०२४

चि. गुंडूस,
अनेक आशीर्वाद. रिवाज म्हणून लिहिले आहेत, त्यात जास्त काही शोधू नकोस.

माझ्या भावाला, धैर्यशीलला मारलं त्या दिवसापासून मी तुला पत्र लिहिलं नाही आणि लिहिणारही नव्हतो. तुरुंगात भेटायला यायला आत्या किती वेळा विनवून गेली. मी आलो नाही. समोर आलास तर मी काय करीन याचा मला भरवसा नाही. बँकेत बसल्या बसल्या मनात येतं की तुझं डोकं धरून गजावर आपटावं आणि थांबूच नये. मी असा माणूस नव्हतो, हे तू सख्ख्या आतेभावाच्या नात्याने जाणतोस.

लिहायला कारण झालं ते असं. सरकारी वकिलांनी परवा बोलावलं होतं. पाइप मारला हे तुमच्या तालमीतल्या केरबाला आता नाकारता येत नाही. पण तो म्हणतो, गुंडूने ‘जीव घे’ म्हणून ओरडून सांगितलं म्हणून मारला. गल्लीतल्या चारपाच जणांनी तुझा तोच शब्द ऐकलाय. वकील म्हणाले, हे टिकलं तर केरबाइतकीच शिक्षा तुला. मला साक्षीला उभं राहायचं आहे. त्याआधी तुझ्याकडून ऐकायचंय. ओरडलास का? आणि कुणाला?

दुसरी गोष्ट केसची नाही, पण ती बोलायला आता दुसरं कुणी उरलं नाही. धैर्याचं कपाट आवरताना आपला जुना व्हिडिओ गेम मिळाला. कॅसेटीही आहेत, कापडात गुंडाळून ठेवलेल्या. मी टीव्हीला जोडला. कॅसेट दोनदा फुंकल्यावर चालू झाला. कुस्तीच्या गेमवर धैर्याचा किती राग होता आठवतं? ह्या पैलवानांना पट काढता येत नाही, नुसते हवेत उडतात, ह्यांना महिनाभर आपल्या तालमीत आणून लाल मातीत घोळवा, असं म्हणायचा. मला गाड्यांचा गेम आवडायचा, अजूनही तोच बरा वाटतो. तुमचा दोन फौजींचा गेम मात्र बघवला नाही. माणसाला गोळी लागते, तो दोनदा चमकतो आणि नाहीसा होतो. कुणाला उचलावं लागत नाही. धैर्याला शवागारातून मी आणला. डाव्या बाजूला चेहरा राहिला नव्हता. तो कुठे चमकला नाही.

उत्तर दे. खोटं लिहिणार असशील तर देऊ नकोस.

आत्याची तब्येत बरी आहे. एवढंच.
विजयसिंह


कोल्हापूर,
२१ ऑगस्ट २०२४

ती. विजूदादास,
शि. सा. न. वि. वि.

दादा, व्हय, ओरडलो.

तुम्ही खोटं नको म्हणालात म्हणून पहिल्यापासून लिहितो. आम्ही घर बदललं तशी माझी तालीम बदलली, हे तुम्हाला म्हाईत हाय. त्या दिवशी दोन्ही तालमींची फुटबॉल मॅच सुटल्यावर मी पलीकडच्या पोरांत होतो. माझ्या हातात हॉकी होती. तुमच्याकडच्या पोरांनी आमचा झेंडा ओढला, आमच्याकडनं दगड सुटला आणि मग कुणाचं कुणाला कळंना. मी एकाच्या गुडघ्यावर हॉकी घातली. वाळकी फांदी मोडल्यागत आवाज आला. हे पोलिसांना सांगितलं न्हाय, तुम्हाला सांगतोय.

मग धैर्या दिसला. सोडवायला आलता की मारायला, मला सांगता येत न्हाय. त्याच्या हातात फरशीचा तुकडा होता. केरबाचा पाइप त्याच्या खांद्यावर बसला आणि तो गुडघ्यावर आला. त्यानं माझ्याकडं बघितलं. दादा, मी तिकडं पळत ओरडलो ते ‘माझा जीव घे’.

आठवतंय का बघा. फौजींच्या गेमात तिघं आळीपाळीनं बसायचो. एकाचे सगळे जीव संपले की बटण दाबून दुसऱ्याचा एक घेता यायचा. न विचारता घेतला तर मारामारी व्हायची. म्हणून आपण कायदा केलता की ज्याचा जीव आहे त्यानं तोंडानं ‘माझा घे’ म्हटल्याबिगर घ्यायचा न्हाय. धैर्या सारखा मरायचा, पुढं पुढं पळायची सवयच त्याची. मी सारखा म्हणायचो. तोंडाला बसलेलं वाक्य होतं, तेच आलं. लोकांनी निम्मंच ऐकलं. आणि केरबानं पुन्हा मारला, तो डोक्यात. माझ्या ओरडण्यानं मारला का मारणारच होता, हे मला आजपर्यंत कळलं न्हाय. झोप लागत न्हाय ती त्याच्यापायी.

वकिलाला हे सांगितलं तर तो म्हणाला, पोरखेळ कोर्टात न्यायचा न्हाय, हसतील.

तुमचं गाड्यांचं मत मला पटत न्हाय. त्यात एकटाच पळायचा गेम, पुढच्याला मागं टाकायचं एवढंच. दोन फौजींच्या गेमात एकाला सोडून दुसऱ्याला पुढं जाताच येत न्हाय, एक मागं राहिला की पडदाच सरकत न्हाय. त्याच्यापरीस चांगला गेम आजवर निघाला न्हाय. आताची पोरं मोबाईलवर खेळतात त्यात रक्त खरं दिसतं, पण शेजारी कोण बसलंय हेच म्हाईत नसतं.

जाता जाता, इथल्या साहेबांनी तुमचं पत्र आधी वाचलं. मला बोलावून विचारलं, हे फौजी, पैलवान, कॅसेट काय लावलंय, कोडवर्ड हाय काय. समजावून सांगितल्यावर म्हणाले, रणगाड्याचा गेम सगळ्यांत भारी. मी वाद घातला न्हाय, साहेब हायेत.

आईला सांभाळा. मामींच्या पाया पडतो, पण त्यांना सांगू नका.

लोभ मागायला तोंड न्हाय.
गुंडू


पेठ वडगाव,
८ सप्टेंबर २०२४

चि. विजूस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

फोनवर बोलले तर माझा आवाज चढतो आणि सासूबाई दारात येऊन उभ्या राहतात, म्हणून लिहिते. तुझ्याच बायकोकडून, वर्षाराणीकडून कळलं की तू त्या गुंड्याला पत्रं लिहितोस, आणि त्याने तुला व्हिडिओ गेमची काहीतरी कहाणी लिहून पाठवली आहे. म्हणे ‘माझा जीव घे’. घेतला की मग! आमच्या धैर्याचा घेतला!

विजू, मी त्याला राखी बांधलेली आहे. त्याच दोऱ्याने त्याचा गळा आवळावा असं मला रोज वाटतं. भाजी चिरताना वाटतं. धैर्याला आंघोळ घालताना पाणी लाल होऊन पाटाखालून वाहत होतं, ते तू बघितलंस आणि मीही बघितलं. आणि तू पत्रात कोणता गेम चांगला ते विचारत बसलास? मी बाबांना तेव्हाच सांगत होते की तो डबा फोडून टाका, पोरं दिवसभर ठोक, मार, उडव एवढंच बोलतात. कुणी ऐकलं नाही. तुम्ही तिघं मला बसूही द्यायचा नाहीत. एकदाच ती गेमची बंदूक हातात दिलीत आणि मी तुमच्यापेक्षा जास्त बदकं पाडली, तर बंदूक बिघडली आहे म्हणालात. मुडदे कुठले.

केरबाने मारलं ते मला कळतं. केरबा परका आहे. गुंडू आपल्या ताटात जेवलेला आहे आणि तो पलीकडे उभा होता, हातात हॉकी घेऊन. मला तेवढं पुरे.

आता नीट वाच. कोर्टात त्याच्या बाजूने एक शब्द बोललास तर भाऊबीजेला माझ्या दारात यायचं नाही. दोन भाऊ होते, दोन्ही गेले असं मी समजेन. आईला मी सांभाळीन.

वर्षाराणीला आशीर्वाद. तुझी तब्येत जप, खोकला अंगावर काढू नकोस.
तुझी ताई,
राजनंदिनी


कोल्हापूर,
१५ सप्टेंबर २०२४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. तुझा राग मला समजतो, माझाही वेगळा नाही.

गुंडूचं पत्र वाचून मला ते खोटं वाटलं होतं. आत बसून रचलेली गोष्ट असेल असं वाटलं. माझ्या स्वतःच्या लक्षात तसा काही शब्द नव्हता, कायदा केल्याचंही आठवत नव्हतं. म्हणून रविवारी दुपारी मी फौजींचा गेम लावला आणि वर्षाराणीला दुसरा रिमोट घेऊन बसवलं. तिने आयुष्यात कधी खेळलेला नाही. उडी मारायचं बटण कोणतं, हे विचारेपर्यंतच ती मरत होती. मरताना आई गं म्हणत होती आणि हसत होती. धैर्या गेल्यानंतर आमच्या घरात पहिल्यांदा कुणी हसलं.

मग तिचा फौजी पडला तो परत आला नाही. संपले की हो माझे जीव, असं ती म्हणाली. आणि ताई, मी टीव्हीवरची नजर न काढता म्हणालो, ‘माझा घे.’

त्या घडीला गुंडूचं पत्र डोक्यातही नव्हतं, विचार केला नाही. तोंडातून आपोआप आलं. वर्षाराणीने माझ्याकडे बघितलं. तिला पत्रातलं माहीत होतं.

मी उठलो, वायरींसकट तो डबा ओढला आणि फरशीवर आपटला. पुन्हा पुन्हा आपटला. हाताला काप गेला तरी आपटत राहिलो. आतून आई ओरडत होती की विजू काय करतोस, कुणाला मारतोस. वर्षाराणीने तुकडे गोळा केले आणि माझा हात बांधला. तू बाबांना सांगितलं होतंस ते शेवटी मी केलं.

म्हणून साक्षीत मला हे सांगावं लागेल. गुंडूच्या बाजूने म्हणून नाही. धैर्याने शेवटी जे ऐकलं ते काय होतं, हे सांगणारा दुसरा कुणी नाही. त्याला मरताना असं वाटलं नसणार की गुंडू आपल्याला मारायला सांगतोय. त्याला तो शब्द कळत होता.

भाऊबीजेला मी येईन. दार उघडणं तुझ्या हातात आहे.

भाऊजींना नमस्कार. राग असला तरी पत्र टाकत जा.
तुझा विजू


कोल्हापूर,
२३ फेब्रुवारी २०२५

चि. गुंडूस,
आशीर्वाद.

कोर्टात तू मागे बाकावर होतास, पण पोलिसांच्या मधून तुला किती ऐकू आलं असेल माहीत नाही, म्हणून लिहितो. तुझ्या वकिलांनी उलटतपासणीत ‘जीव घे’चा अर्थ विचारला. मी सांगितला. लोक हसले. केरबाच्या वकिलांनी विचारलं की साक्षीदार बँकेत अधिकारी आहेत, त्यांना गेममधला जीव आणि माणसाचा जीव यातला फरक कळतो का. मी म्हणालो, माझ्याइतका इथे कुणाला कळत नसेल. मग कुणी हसलं नाही.

पण मी तेवढ्यावर थांबलो नाही. गुंडूच्या हातात हॉकी होती आणि त्याने एकाचा गुडघा फोडला हे त्याने मला कळवलं आहे, असंही मी सांगितलं. तुझ्या वकिलांनी कपाळाला हात लावला. तुला राग आला असेल तर येऊ दे. धैर्याविषयी खरं सांगायचं आणि त्या पोराविषयी गप्प बसायचं, हे मला जमलं नाही. तो पोरगा अजून लंगडतो. त्यालाही घर आहे.

ताई आली होती. दिवाळीत तिने दार उघडलं नव्हतं, ते तुला कळलंच असेल. मी बाहेर व्हरांड्यात आलो तशी तिने सगळ्यांसमोर माझ्या थोबाडीत मारली. दोनदा. चष्मा खाली पडला. मग तिनेच तो उचलला, पदराने पुसला, माझ्या डोळ्यांवर बसवला आणि वडगावच्या एसटीकडे निघून गेली. मी तिच्या मागे गेलो नाही.

वकील म्हणतात, केरबाला चिथावल्याचा आरोप आता टिकणार नाही, पण दंगलीचा टिकेल. टिकू दे. तेवढं तुझं आहे, ते तू भोग.

तुझ्या ओरडण्याने त्याने मारलं की मारणारच होता, हे कळलं नाही असं तू लिहिलं होतंस. मला माहीत नाही. ते कुणालाच कधी कळणार नाही आणि मी तुला खोटा धीर देणार नाही.

सुटलास की आधी आत्याकडे जा. आमच्याकडे लगेच येऊ नकोस. धैर्याची मोटरसायकल अजून दारात उभी आहे, आई तिला कुणाला हात लावू देत नाही. ती हलली की मी तुला कळवीन. तेव्हा ये.

तोवर लोभ आहे तेवढाच असू दे.
तुझा,
विजूदादा