नदीपलीकडचं टायपिंग

बाई, हे मी हातानं लिहितो आहे. अक्षर तुम्हाला आवडणार नाही, पण टाइप करवत नाही. का, ते पुढे सांगतो. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली. तुमच्या घराच्या पुढच्या खोलीत टायपिंगच्या आठ मशिनी एकदम चालायच्या आणि तुम्ही आत स्वयंपाकघरात भाजी चिरता चिरता नुसत्या आवाजावरून ओळखायच्या, कोणाची बोटं चुकून राहिली आहेत. "खाली काहून पाहून राहिला रे? समोर पाहा," अशी हाक यायची, आणि बहुतेक वेळा ती माझ्यासाठीच असायची. माझे वडील कारखान्यात शिफ्ट करायचे. पोराला खुर्चीवर बसायचं काम मिळावं, म्हणून त्यांनी मला तुमच्याकडे घातलं होतं.

एक दिवस विसरता येत नाही. एका मित्राला नोकरीसाठी अनुभवाचा दाखला हवा होता आणि अनुभव तर काहीच नव्हता. सरावाच्या तासात मी तुमच्याच मशीनवर त्याला तो करून देत होतो, खाली साहेबाच्या सहीपुरती जागा सोडून. तुम्ही मागे येऊन कधी उभ्या राहिलात, कळलं नाही. कागद ओढून काढलात, शेवटपर्यंत वाचलात आणि मला आत ओट्याजवळ बसवलंत. मला वाटलं, आता क्लास बंद. तुम्ही आवाजही चढवला नाही. "एकही चूक नाही यात," तुम्ही म्हणालात, "म्हणूनच जास्त वाईट वाटून राहिलं. बोटांना काय समजते? त्यांना सांगणारा तूच ना?" मग कागदाचे तुकडे केलेत आणि माझ्यापुढे चहा ठेवलात. तो चहा मी कसा प्यायलो, ते मलाच ठाऊक.

तीन वर्षांपूर्वी ऑफिसातलं माझं कंत्राटी काम सुटलं. चाळिशीच्या माणसाला जबलपुरात नवं काम कोण देणार? ओळखीतल्या एकानं एजंट गाठून दिला. परदेशात डेटा एंट्री, राहणं-जेवण कंपनीचं. बायकोनं विचारलं, तिथं आपल्या ओळखीचं कोणी आहे का. मी तिच्यावरच चिडलो. विमानतळावरून आम्हाला दिवसभर गाडीनं नेलं, मग होडीत बसवून एक नदी ओलांडली. पलीकडे उतरताच एकानं नोंदणीसाठी म्हणून सगळ्यांचे पासपोर्ट गोळा केले. उंच भिंती, वर तारा, फाटकात बंदूकवाले. तेव्हाच मला समजलं होतं, पण मी रांगेत सगळ्यांच्या मागून आत गेलो.

तिसऱ्या मजल्यावर एक मोठा हॉल होता. माझ्या वाट्याला एका बाईचा फोटो आला. ती कोण होती, मला आजही माहीत नाही. तिच्या नावानं मी भारतातल्या एकट्या माणसांना मेसेज लिहायचो. सकाळी विचारपूस, दुपारी सुखदुःख, आणि विश्वास बसला की पैसे गुंतवायची गोष्ट. ज्याचं काम कमी पडे, त्याला अंगणात उन्हात हात वर करून उभं करत. माझ्या शेजारी बसणारा एक जण गच्चीवरून खाली आला. पडला की उडी मारली, कोणी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या खुर्चीवर नवा माणूस होता. माझा हात चालायचा, म्हणून मी वाचलो. पुढे नव्या लोकांना शिकवायचं काम मला दिलं. "नीचे मत देखो, सामने देखो," मी त्यांच्या मागे फिरत म्हणत होतो. बाई, आवाज तुमचाच होता.

मग माझ्या यादीत जबलपूरजवळच्या पनागरचे एक काका आले. रेल्वेतून रिटायर, बायको गेलेली, मुलगी लांब दिलेली. फोटोतल्या बाईचं नाव मराठी होतं, म्हणून ते हौसेनं मराठीत लिहायचे. घरात आता मराठी बोलायला कोणी उरलं नाही, असं म्हणायचे. मटार सोलून ताटलीचा फोटो पाठवायचे, यंदा दाणा गोड आहे म्हणून. एका दिवशी मला उत्तराला उशीर झाला तर त्यांनी लिहिलं, "काहून, बरं नाही का?" तुमच्या त्या 'काहून'पाशी माझे हात थांबले. दुपारी सुपरवायझर जेवायला गेल्यावर मी लिहिलं, "काका, मी बाई नाही. जबलपूरचा माणूस आहे, मला इथं कोंडून ठेवलं आहे. पैसे कुठंच पाठवू नका, हा नंबर बंद करा." मला वाटलं, ते शिव्या देतील. त्यांचं उत्तर आलं, "जेवायला देतात का रे तुला?"

मी सगळं पुसलं, पण आमचं लिहिलेलं वरच्या मजल्यावरही दिसायचं. सकाळी मला वर नेलं. उजवा हात टेबलावर ठेवायला लावला आणि लोखंडी गज मारला. दोन बोटं तेव्हापासून वळत नाहीत. काही महिन्यांनी त्या देशाच्या फौजेनं धाड घातली आणि आपल्या सरकारनं आम्हाला विमानानं परत आणलं. जबलपूर स्टेशनवर बायको एकटीच आली होती. तिनं हाताकडे पाहिलं, माझी पिशवी घेतली आणि म्हणाली, "चलो, घरी चला." एजंटविरुद्ध तक्रार लिहून दिली आहे, तो अजून सापडला नाही. मी आता मेव्हण्याच्या दुकानात बसतो.

गल्लीत सगळ्यांना काकांची गोष्ट ठाऊक आहे. मीच सांगतो. लोक म्हणतात, भैया, हिम्मत केली तुम्ही. पनागर इथून किती लांब? पण मी गेलेलो नाही. हे पत्रही कपाटात कपड्यांखाली जाईल, बायकोला दाखवणार नाही. कारण काकांच्या आधी एक नर्स होती, रायपूरकडची. ती हिंदीत लिहायची आणि त्या फोटोतल्या बाईला दीदी म्हणायची. ड्यूटी संपली की पायांना किती सूज आली, तेही सांगायची. तिचं होतं नव्हतं ते सगळं माझ्या हातून गेलं. तिच्याशी मी दोन महिने रोज बोलत होतो, बाई. तिला मी काही सांगितलं नाही.