राहते घर, शिलाई यंत्रे आणि टपालवालीचा सायलेन्सर

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अडुसष्ट, धंदा मोटरसायकलींची सीट कव्हरे शिवणे, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि राजीखुशीने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे, तसा दाखला डॉक्टरीणबाईंनी दिला आहे. कानही शाबूत आहेत. गल्लीत शिरणारी गाडी कुणाची आहे, हे मी स्वयंपाकाच्या ओट्यापाशी उभी राहून सांगते. माझ्यावर कुणाचाही दबाव नाही. मुलाने फोनवर "आई, दोन ओळींत आटप" असे सुचवले होते, ते मी मानलेले नाही.

१. राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची पत्र्याची शेड, मुलगा व सून यांना समसमान द्यावे. समसमान याचा अर्थ सुनेला विचारल्याशिवाय विकायचे नाही. बँकेतील ठेव नातीच्या शिक्षणासाठी आहे. ती काय शिकणार हे तिने ठरवावे, तिच्या बापाने नव्हे.

२. जाड रेक्झिन शिवायचे मोठे यंत्र माझ्या जावेला द्यावे. माझी शिवण वाकडी येते, असे तिने चारचौघांत म्हटले होते. त्या यंत्रावर तिने एक सरळ शिवण घालून दाखवावी. लहान यंत्र सुनेचे.

३. यजमानांची हत्यारे. हे कलम लांब आहे. सुनेने बसून वाचावे.

यजमान कारखान्यात लेथवर होते. गुरुवारी त्यांना सुट्टी असे. त्या दिवशी ते शेडमध्ये लोकांच्या मोटरसायकलींचे आवाज बसवून द्यायचे. सायलेन्सर उघडायचा, आतली भोकाभोकांची नळी काढायची, तिच्यावर काचेची लोकर गुंडाळायची, तारेने बांधायची आणि नळी परत आत सारायची. लोकर जास्त झाली की आवाज दबतो, कमी पडली की फाटतो. नळी लांब-आखूड केली की सूर बदलतो. एका गाडीला एक गुरुवार पुरायचा.

टपालवालीच्या गाडीला अकरा गुरुवार लागले.

ती आमच्या भागात टपाल वाटायची, स्वतःच्या मोटरसायकलवर. उंच, उन्हाने रापलेली, फार न बोलणारी. फेरी संपवून ती थेट शेडमध्ये यायची. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला दोघे दिसत. हे तिला पेट्रोलच्या टाकीवर तळहात ठेवायला सांगायचे, स्वतः ॲक्सिलरेटर पिळायचे आणि तिच्या चेहऱ्याकडे बघत राहायचे. तिने मान हलवली की पुन्हा नळी बाहेर. माझ्याशी ते वर्तमानपत्राआडून बोलायचे. तिच्याशी बोलताना मात्र हातातले काम ठेवून, समोर उभे राहून, एकेक शब्द सावकाश बोलायचे. तिच्यासाठी शेडमध्ये वेगळा कप ठेवला होता. ती यांना दादा म्हणायची, मला वहिनी. दादा म्हटल्याने माझ्या पोटातली आग काही विझली नाही.

मी एकदा विचारले, त्या गाडीत एवढे काय आहे. म्हणाले, "तिला आवाज मोठा नकोय, खोल हवाय." खोल हा शब्द मी आठवडाभर चावत बसले.

अकराव्या गुरुवारी तो आवाज लागला. भरीव, खालच्या पट्टीतला, आणि तरीही शेजारच्या मास्तरांची वामकुक्षी न मोडणारा. सुंदर होता. तेच मला सोसले नाही. त्यानंतर ती गल्लीतून गेली की हे जेवता जेवता थांबायचे, आवाज लांब जाईपर्यंत ऐकायचे, मग पुढचा घास घ्यायचे. भाजी कशी झाली, हे त्यांनी त्या काळात कधी विचारले असेल तर मला आठवत नाही.

वर्षाने एका गुरुवारी ती लोकर बदलायला गाडी ठेवून गेली. यांनी नळी बांधून तयार केली आणि वॉशर आणायला दुकानात गेले. मी शेडमध्ये गेले. पक्कडीने तारेचे पीळ तीन ठिकाणी सोडले, मूठभर लोकर उपसली आणि नळी स्वतःच आत सारली. परत आल्यावर हे म्हणाले, "मी आत घालून गेलो होतो वाटतं," आणि बोल्ट आवळला. चालू करून पाहिली तेव्हा आवाज ठीक आला. सैल लोकर अजून जागेवर होती.

पाचव्या दिवशी ती सरकली आणि आवाज गेला. म्हणजे गाडी चालू होती, पण आवाज चिरका, पातळ झाला. टपालवाली चौकात थांबली होती. इंजिन बंद पडतेय असे वाटून तिने ॲक्सिलरेटर जोरात पिळला. क्लच सुटला, गाडीने उडी घेतली आणि ती दुभाजकावर आदळली. मनगट दोन ठिकाणी मोडले.

यांनी सायलेन्सर उघडला, सुटलेली तार पाहिली आणि खाली बसले. दवाखान्यात जाऊन तिला म्हणाले, "माझ्या हातून तार सैल राहिली." मी शेजारी उभी होते.

त्यानंतर यांनी बाहेरची कामे बंद केली. फक्त तिची गाडी करत. तार दोनदा बांधायचे आणि मला हाक मारायचे, "बघ गं, घट्ट आहे का?" मी बघायचे आणि आहे म्हणायचे. अशी आठ वर्षे मी आहे म्हणत राहिले. मग हे गेले.

दोन महिन्यांनी टपालवाली दारात आली. लोकर पुन्हा जळली होती. दादांनी हे काम कुणाला शिकवले होते का, म्हणून विचारत होती. मी नाही म्हटले. ती जाईना. शेवटी पायरीवर बसून म्हणाली, "वहिनी, मला बारीक आवाज ऐकू येत नाहीत. खालचे तेवढे येतात. पोस्टात कळलं असतं तर गाडीवरून उतरवून शिक्के मारायला बसवलं असतं. दादांना एकट्यांना ठाऊक होतं. कुणाला सांगणार नाही म्हणाले होते."

त्यांनी खरोखरच कुणाला सांगितले नव्हते. मलाही नाही.

कारण कळल्यावर माझा मत्सर जायला हवा होता. तो गेला नाही, त्याने फक्त बाजू बदलली. परक्या बाईचे गुपित हे नऊ वर्षे पाळत होते. माझे असे काही पाळण्याजोगे आहे का, हे त्यांनी कधी चाचपलेदेखील नाही. आणि माझ्यापाशी तसे होते, त्या पक्कडीचे.

मी तिला गाडी आत घ्यायला सांगितले. मला कुणी शिकवले नव्हते, पण तो आवाज मी इतकी वर्षे दात-ओठ खाऊन ऐकला होता की त्यात काय कमी आहे हे मला बरोबर कळत होते. चार गुरुवार लागले. ती टाकीवर हात ठेवायची, मी तिच्या चेहऱ्याकडे बघायचे. चौथ्या गुरुवारी तिने मान डोलावली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आले.

त्याआधी, तार बांधताना, तिच्याकडे पाठ करून मी तिला सगळे सांगितले. पक्कड, लोकर, तिचे मनगट, सगळे. ओठ दिसल्याशिवाय तिला माझे बोलणे कळत नाही, हे मला तोवर माहीत झाले होते. तिने विचारले, "काही म्हणालात का?" मी म्हटले, "पाना द्या."

गेल्या वर्षी ती निवृत्त झाली. आता हे लिहिण्याने तिचे नुकसान नाही. म्हणून यजमानांचे पाने, पकडी, नळ्या कापायची करवत, तारेची रिळे आणि उरलेली लोकर मी तिला देत आहे. सुनेने हे कलम तिच्या हाती द्यावे, वाचून दाखवू नये. वाचल्यावर तिला हत्यारे नको वाटली, तर आग्रह करू नये. तिचा कप यादीत नाही. तो मी मागच्या महिन्यात फोडला. आवरताना हातून पडला नाही, फोडला.

४. माझ्या पश्चात या मृत्युपत्राची अंमलबजावणी सुनेने करावी. ती कागद शेवटपर्यंत वाचते.

५. शेवटी, मालमत्तेशी संबंध नसलेले एक विधान मी साक्षीदारांसमोर पूर्ण शुद्धीत करते, आणि कुणी त्यास हरकत घेऊ नये. त्या गुरुवारी माझ्या यजमानांनी तार घट्ट बांधली होती.

स्थळ: राहते घर, पुढची खोली
दिनांक: मंगळवार, १२ नोव्हेंबर, सकाळी साडेदहा

लिहून देणार: (सही)

साक्षीदार:
१. शेजारचे निवृत्त मास्तर (सही). मजकूर वाचू का, असे त्यांनी दोनदा विचारले. वाचू दिलेला नाही.
२. दवाखान्यातील डॉक्टरीणबाई (सही)