शुक्रवारची मराठी उपासना बंद न करण्याबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापक,
सभागृह वेळवाटप विभाग,
संयुक्त उपासना आवार, कुवेत शहर.

विषय : श्रीमती सुमन दुशिंग यांची शुक्रवारची वेळ काढून न घेणेबाबत.
संदर्भ : सभागृहाच्या दारावर डकवलेली आपली नोटीस.

महोदय,

सविनय कळविण्यात येते की, खाली सही करणारा अर्जदार हा मूळचा राजापूर, जि. रत्नागिरी येथील असून व्हॅनचालक आहे. मराठी ख्रिस्ती मंडळीला दर शुक्रवारी तोच आपल्या आवारात आणून सोडतो. तो स्वतः मुसलमान आहे. मग हा अर्ज त्याने का लिहावा, असे आपणांस वाटेल. लिहायला दुसरे कोणी उरलेले नाही, म्हणून.

१. युद्ध सुरू झाले, सायरन वाजू लागले, आणि मंडळीतील कुटुंबे मिळेल त्या विमानाने गावी निघून गेली. पाळकसाहेबही गेले, लेकरे लहान, त्यांना कोण बोल लावणार? राहिल्या फक्त सुमनबाई. त्या इथल्या रुमैथिया भागात एका आंधळ्या कुवेती आजींना सांभाळतात. आजी दुसऱ्या कोणाच्या हातून घास घेत नाहीत, म्हणून बाईंचा पाय निघाला नाही. पूर्वी व्हॅनमध्ये पाय ठेवायला जागा नसे. आता सगळी रिकामी, तरी बाई आपल्या शेवटच्या सीटवरच बसतात. पुढच्या जागा ज्यांच्या त्यांच्या आहेत, असे म्हणतात. आरशात पाहावे तर लांबवर एकटे डोके दिसते.

२. आजींच्या घरची माणसे वाईट नाहीत. सायरन झाला की तळघरात सगळे एकत्र दुआ मागतात, बाईंना गादी देतात, पाणी देतात. बाई मात्र आपली प्रार्थना ओठांतल्या ओठांत म्हणतात. मोठ्याने म्हटली तर कोणी रागावेल असे नाही, पण एवढ्या जणांत एकटीने आवाज कसा काढायचा? मोकळेपणी, आपल्या भाषेत देवाशी बोलायला त्यांना आठवड्यातून आपले सभागृह तेवढे आहे.

३. बाईंनी खोटी उपस्थिती दाखवली व एकट्या व्यक्तीला सभागृह देता येत नाही, असे नोटिशीत म्हटले आहे. खोटेपणाचे वाचून अर्जदाराचे डोके फिरले, हे लपवीत नाही. घडले ते असे. श्रीरामपूरकडे बाईंच्या गावच्या चर्चमध्ये रीत आहे, की परगावी गेलेल्यांची नावे त्यांच्या त्यांच्या बाकापाशी उभे राहून मोठ्याने घ्यायची आणि त्यांच्यासाठी प्रार्थना करायची. बाई तेच करत होत्या. शिवाय स्तोत्र वाचताना एक ओळ पाळकाची, एक मंडळीची. बाई पुढे जाऊन पाळकाची ओळ वाचत, मग बाकावर येऊन मंडळीची वाचत, की पुन्हा पुढे. गुडघे दुखतात, तरी. आपल्या पहारेकऱ्याने बाहेरून नावे ऐकली, उत्तरे ऐकली, आणि सभागृह भरले आहे असे कळवले. पुढे आपल्या माणसांनी आत पाहिले, तर बाई एकट्याच. यात बाईंनी कोणाला फसवले, ते आपणच सांगावे.

४. गेल्या शुक्रवारी सायरन वाजला तेव्हा पहारेकऱ्याने अर्जदारास व्हॅनमधून उतरवून सभागृहात नेले. बाईंनी पाळकाची ओळ वाचली होती आणि त्या खाली येऊ लागल्या होत्या. अर्जदाराने त्यांना हातानेच थांबवले, पान विचारले, आणि बाकावरचे पुस्तक उघडून मंडळीची ओळ वाचली. मराठी शाळेत शिकल्याने अडचण आली नाही. स्तोत्र दाऊद पैगंबरांचे निघाले. त्यांना आम्हीही मानतो. बाईंना पुढची ओळ लवकर वाचता येईना. डोळे पुसून झाल्यावर वाचली.

५. अर्जदाराने धर्म बदललेला नाही व बदलणार नाही. पत्नी सुरैया हिला सर्व सांगितले आहे. असरची, म्हणजे दुपारनंतरची, नमाज पढूनच जा, एवढेच तिने बजावले. गीते तो म्हणणार नाही, आवाजही बरा नाही. मंडळीची ओळ मात्र वाचेल. तरी दारावर बताका, म्हणजे इथले ओळखपत्र, दाखवल्यावर त्यास आत सोडावे.

सबब, पाळकसाहेब परत येईपर्यंत ही वेळ कायम ठेवावी, आणि या शुक्रवारपासून मराठी मंडळीची उपस्थिती दोन अशी लिहावी, ही विनंती.

आपल्या दाराशी थांबलेला,
गफूर हसन सोलकर
गुरुवार

सोबत : मुलगी युसरा हिने केलेला इंग्रजी तर्जुमा. तिने काही कडक वाक्ये गाळली आहेत. ती मराठीत आहेत तशीच समजावीत.