मास्तरला घर, पुतण्याला टेप

मी, खाली सही करणारा, वय एकोणसत्तर, धंदा रेडिओ व भोंगे दुरुस्ती, गाव ज्याला तोंडावर रेडिओकाका म्हणते आणि पाठ वळली की दुसरेच काही (तेही मला ऐकू येते), असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे, कान गावात सर्वांत तिखट आहेत, आणि हा कागद मी कोणाच्या दडपणाखाली नव्हे, तर चांगला खुशीत लिहीत आहे. डॉक्टरीणबाईंनी तपासून तसा दाखला दिला आहे. सात वर्षांपूर्वीचे माझे मृत्युपत्र या कागदाने रद्द झाले.

१. घर. खाली दुकान, वर दोन खोल्या, मागे नळाची मोरी. यातली वीटन् वीट माझ्या कमाईची. एकोणिसाव्या वर्षी थोरल्या भावाने, "असली थेरं या घरात चालायची नाहीत," म्हणून मला एका पिशवीनिशी बाहेर काढले. वडिलोपार्जित असे माझ्याजवळ फक्त नाक आहे. भावाला ते परत हवे असल्यास त्याने लवकर मागावे.

हे घर मी सामानासुमानासह मास्तरला देतो. मास्तर म्हणजे दुकानाच्या खिडकीशी मशीन मांडून बसणारा शिंपी. गाव त्याला सदतीस वर्षे माझा भाडेकरू म्हणत आले आहे. त्याने कधी भाडे दिले नाही, मी मागितले नाही, आणि वर अंथरूण एकाच खोलीत पडते हे शेजारपाजारच्या प्रत्येक खिडकीला पाठ आहे. तरी भाडेकरू! एवढ्याशा खोट्यासाठी अख्ख्या गावाने इतकी वर्षे जीभ झिजवावी, याची मला कीव येते.

२. निळा संच. मास्तर येण्यापूर्वी हा जुना रेडिओ कोणीतरी दुरुस्तीला टाकून गेला. मी चिठ्ठी बांधली, न्यायला कोणी आले नाही. यावर एकही स्टेशन लागत नाही. लागते ती हीच दुकानाची खोली, अकरा दिवस पुढची. मी तो तीनदा पूर्ण उघडला. आत एक तार कुठेच जात नाही. ती कापली, तरी फरक नाही. कसे, ते मला कळलेले नाही, आणि ज्याला कळले असे तो म्हणेल त्याला दुकानात घेऊ नये.

एका दुपारी त्यावर शिवणयंत्राची खडखड ऐकू आली आणि एक आवाज म्हणाला, "जरा सरक की, उजेड अडतोय." माझ्याकडे तेव्हा शिवणयंत्र नव्हते आणि मला 'सरक' म्हणणारेही कोणी नव्हते. अकरा दिवस मी त्या आवाजावर जीव टाकून बसलो होतो. अकराव्या दिवशी अर्धे दुकान भाड्याने मागायला एक शिंपी आला, मशीन मांडले आणि तेच म्हणाला. मी सरकलो.

संच आजवर एकदाही चुकलेला नाही. मात्र तापला की दहा मिनिटांत बंद पडतो. तो मास्तरने ठेवावा किंवा फोडावा. त्यावर मी यापुढे ऐकू येणार नाही.

३. पुतण्या. हा दर रविवारी केळी घेऊन येतो. "काका, तब्येत काय म्हणतेय?" विचारत भिंतीकडेने चालतो आणि ओठांतल्या ओठांत पावले मोजतो, "अकरा, बारा... औषधं घेता ना?... तेरा." त्याला मी मास्तरची जुनी टेप देतो. पुढच्या कोणा आजारी नातेवाइकाकडे जाताना न्यावी, पायांना त्रास नको.

४. वहिनी. पुढे भावाकडे येणेजाणे सुरू झाले, तेव्हा मास्तर माझ्याबरोबर आला की ती त्याला कडा उडालेल्या कपातच चहा द्यायची. तो कप मी एकदा खिशात घालून आणला होता. परत देत आहे.

५. भाऊ. त्याला फाटका भोंगा. आवाज मोठा येतो, अर्थ काही लागत नाही, घरच्यासारखे वाटेल.

६. जुने मृत्युपत्र. ते मी वकिलाविना लिहिले, कारण मला सगळे कळते असा माझा समज होता. घर त्यातही मास्तरलाच होते. पण लग्न लागलेल्यांच्या सह्या एका कागदावर येतात, तशा आमच्याही एकदा याव्यात, अशी हौस मला आली, म्हणून दोन साक्षीदारांपैकी एक सही मास्तरचीच घेतली. तो हसून म्हणाला, "अक्षर माझं वाईट आहे हं." दोघांनी तो कागद कितीदा तरी काढून पाहिला.

गेल्या शुक्रवारी संच लावला. गावातल्या वकीलबाई म्हणत होत्या, "साक्षीदारालाच घर दिलंय. हे देणं बाद." मग पुतण्या म्हणाला, "काकांना जाऊन चार दिवस झाले, आता कशाला लांबवायचं? मास्तर, महिनाअखेर मशीन उचला." वहिनी म्हणाली, "इतकी वर्षं फुकट राहिलात, उपकार माना." मग मास्तरने मशीनचा पट्टा उतरवल्याचा आवाज आला, आणि संच बंद पडला.

ते बोलणे येत्या मंगळवारचे, पंधरा तारखेचे; म्हणजे माझ्याकडे तीनएक दिवस आहेत. मास्तरला हे सांगितलेले नाही.

७. वाचनाची रीत. संचाने ऐकवलेले टळत नाही, हे मी पूर्वी करून पाहिले आहे. पण दहा मिनिटांनंतरचे कोणीच ऐकलेले नाही. तेव्हा हा कागद मी वकीलबाईंकडेच देत आहे; त्यांनी येत्या मंगळवारी सर्वांना दुकानात बोलवावे. आधी जुना कागद वाचावा आणि देणे बाद आहे असे म्हणावे, ते खरेच आहे. मग पुतण्याला आणि वहिनीला पोटभर बोलू द्यावे. मध्ये अडवू नये. माणसे इतकी मोकळी पुन्हा सापडत नाहीत. पट्टा उतरला, की हा कागद पर्समधून काढावा आणि पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचावा.

मास्तर, तेवढी दहा मिनिटे तुला सोसावी लागतील. दुसरा मार्ग मला सापडला नाही. आता पट्टा परत चढव आणि या मंडळींना दार दाखव.

८. या वेळी मास्तरची सही कुठेही नाही, आणि सह्या होताना तो घरात नको म्हणून त्याला बाजारात धाडले आहे, जांभळी हाडाची बटणे आणायला. तशी बटणे या गावात कधीच मिळाली नाहीत. तो सगळी दुकाने पालथी घालील, मला ठाऊक आहे. तरी मागच्या दाराची कडी आत्ताच वाजली, आणि जिन्यावर पाऊल त्याचेच आहे. साक्षीदारांनी घाई करावी.

सही: रेडिओकाका
साक्षीदार: १. डॉक्टरीणबाई २. समोरच्या वाचनालयाच्या ग्रंथपालबाई
(दोघींना या कागदाने काहीही मिळत नाही.)
स्थळ: दुकानावरची पुढची खोली
दिनांक: आठ, मंगळवार, सकाळी साडेअकरा