चौदावे पत्र

वुस्टर, ता. ६ मार्च १७८६

ती. ज्यूडिथताईस,

टॅबिथाचा नमस्कार. एरवी यापुढे वि. वि. लिहिते, पण आज विनंती करण्याच्या मनःस्थितीत मी नाही.

मुलींचा खोकला गेला का ते कळव. बाबांचे गुडघे आहेत तसेच आहेत. आता मुद्द्याचं.

शनिवारी आपल्या कारखान्यातली पेगी बाजारातून एक नवं पुस्तक घेऊन आली. नाव 'उपवर कन्यांसाठी आदर्श पत्रे', संपादक कोणी एक धर्मोपदेशक. तुला आठवत असेल, हातमोजे शिवताना बायका एकीला वाचायला बसवतात आणि बाकीच्या ऐकत शिवतात. त्या दिवशी वाचणारी मी होते. पहिल्या तेरा पत्रांना आम्ही पोट धरून हसलो. पुरुषाने विचारण्याआधी मुलीने प्रेमात पडणं हे चौथ्या पत्राप्रमाणे निर्लज्जपणाचं, आणि त्याने विचारल्यावर प्रेमात न पडणं हे नवव्या पत्राप्रमाणे उद्धटपणाचं. पेगीने विचारलं, मग मुलीने नेमकं पडायचं तरी कधी, घड्याळ लावून?

मग चौदावं पत्र आलं. मथळा होता 'कृतघ्न कन्येचे पत्र'. पहिल्याच ओळीला माझा आवाज अडखळला. चौथ्या ओळीपर्यंत सगळ्यांच्या सुया थांबल्या होत्या. ताई, ते पत्र माझं आहे. दोन वर्षांपूर्वी मिस्टर क्रम्प मला मागणी घालायला आले, त्या संध्याकाळी मी तुला लिहिलेलं. नावं तेवढी बदलली आहेत. पण एखाद्या चामड्याच्या व्यापाऱ्याने मुलीकडे कातड्यासारखं पाहिलं, ओढून, उलटून, नखाने खरवडून. तिच्या बापाला विचारलं की ही हिवाळ्यात खोकते का. आणि तिने सांगितलं की डोळे जाईपर्यंत सुई ओढीन पण या घरात पाऊल टाकणार नाही, एवढं वाचल्यावर वुस्टरमध्ये कोणाला नावाची गरज आहे? पत्राखाली त्या मुलीचं पुढे काय झालं तेही छापलं आहे. ती एका शिपायाबरोबर पळाली आणि गरिबांच्या आश्रमात, पोटातल्या पोरासकट, बापाची क्षमा मागत मेली.

मिस्टर क्रम्प आज सकाळीच आले. सगळ्या बायकांसमोर बाबांना म्हणाले की तुमच्या मुलीची लेखी माफी हातात पडेपर्यंत माझ्याकडून चामड्याचा एक तुकडाही मिळणार नाही. चामडं नाही तर अकरा बायकांना काम नाही. बाबा माझ्याशी बोलत नाहीत. नथॅनिएल यार्डली, ज्या शाळामास्तरांबद्दल मी तुला नाताळात लिहिलं होतं, त्यांच्या आईनेही पुस्तक वाचलं आहे. काल रविवारी चर्चच्या दारात तिने मला पाहिलं आणि पाठ फिरवली.

संपादक धर्मोपदेशक कोण, हे मला न कळण्याइतकी मी खुळी नाही. भावोजींचं आवडतं 'ज्ञात्यांना सांगणे न लगे' प्रस्तावनेत पानोपानी आहे. ते पत्र मी जगात फक्त तुला लिहिलं होतं. तुझ्या पेटीतून ते छापखान्यात कसं गेलं, एवढंच सांग.

उत्तर उलट टपाली हवं. लोभाचं नंतर बघू.

तुझी,
टॅबिथा


क्लीवेल, ता. १३ मार्च १७८६

चि. टॅबिथा हिस,

अनेक आशीर्वाद. तुझे पत्र पावले. येथे सर्व कुशल. मुलींचा खोकला उतरला आहे.

तुझ्या पत्रातील भाषा वाचून मनास क्लेश झाले. यांचे म्हणणे असे, की पत्नीचा पत्रव्यवहार पतीने पाहणे यात गैर काही नाही, आणि त्यातून समाजास काही बोध होत असेल तर तो दडवून ठेवणे हाच खरा दोष. नावे बदलली आहेत. गावाने ओळखले असेल तर ते तुझ्या विलक्षण लेखणीमुळे, यात यांचा काय अपराध? यांनी गमतीने असेही म्हटले, की संपूर्ण पुस्तकात खरी खुमारी असलेले पत्र तेवढे एकच आहे.

मिस्टर क्रम्प यांस दोन ओळी माफीच्या लिहून टाकाव्यास, असे मला वाटते. पुस्तकातील बाविसावे पत्र त्यासाठी सोयीचे आहे. राग स्त्रीच्या चेहऱ्यास आणि नशिबास दोहोंस वाईट. तुझे वय आता चोवीस आहे.

हे पत्र बंद करण्यापूर्वी यांनी वाचले असून यांचेही तुला आशीर्वाद आहेत.

बाबांना जप. तुझ्यावरची माया आहे तशीच आहे असे समज.

तुझी,
ज्यूडिथ


वुस्टर, ता. २० मार्च १७८६

ती. ताईस, आणि हे पत्र फोडून आधी वाचणाऱ्या ती. भावोजींसही,

नमस्कार. भावोजी, बसून वाचा. पत्र जरा लांब आहे.

कृतज्ञता म्हणजे काय ते तुमच्या प्रस्तावनेत सात पानं सांगितलं आहे. दुसऱ्याच्या लेकीचं पत्र तिला न विचारता छापायचं, त्या पत्राच्या जोरावर पुस्तक खपवायचं आणि वर तिला आश्रमात मारून टाकायचं, हे त्या सात पानांत कुठे बसतं? मी जिवंत आहे. मला शिपाई माहीत नाही. मी मागणी नाकारली ती बाबांच्या देखत, उभ्याने, स्वच्छ शब्दांत. मिस्टर क्रम्प यांचे आभारही मानले होते. ते वाक्य तुम्ही गाळलंत.

आता तुझ्याशी बोलते, ताई. रागाच्या भरात मी पंधरावं पत्र आधी वाचलंच नव्हतं. काल वाचलं. मथळा 'आज्ञाधारक कन्येचे पत्र'. एकोणीस वर्षांची मुलगी बापाच्या सांगण्यावरून आपल्याहून वीस वर्षांनी मोठ्या विधुराशी लग्न करते आणि धाकट्या बहिणीला कळवते की 'येथे आल्यापासून नऊ दिवस मी कृतज्ञतेचे अश्रू ढाळीत आहे'. मी उठले, माझी पेटी उघडली, बारा वर्षांपूर्वीचं तुझं पत्र काढलं. तेव्हा मी बारा वर्षांची होते आणि ते पत्र मला पाठ झालं होतं. त्यात लिहिलं आहे, 'टॅबी, नऊ दिवस झाले, रडू थांबत नाही. इथलं कोणी विचारतसुद्धा नाही की ही का रडते.' कृतज्ञतेचा त्यात शब्दही नाही.

म्हणजे भावोजींनी एका बहिणीला मारलं आणि दुसरीला सुखाने रडवलं. दोन्ही खोटं.

आपली दोन्ही अस्सल पत्रं एका जागी ठेवण्याची माझी इच्छा आहे. माझ्या पत्राची नक्कल माझ्याकडे आहे, तुझं तर आहेच. इथल्या मिसेस स्केल्टन नवरा गेल्यापासून छापखाना एकट्या चालवतात. त्या म्हणाल्या की पुराव्यासकट आणलं तर दोन्ही छापते. भावोजी, आता काय म्हणता ते लिहा. माफीचं पत्र मी लिहिणार नाही. बावीस नंबरचंही नाही आणि दुसरं कुठलंही नाही.

वडिलकीचा मान म्हणून खाली नमस्कार लिहिते, हाताला सवय आहे म्हणून.

टॅबिथा हॅलम


क्लीवेल, ता. २९ मार्च १७८६

टॅबी,

हे पत्र गिरणीवाल्याच्या बायकोच्या स्वयंपाकघरात बसून लिहिते आहे. तीच बाजारच्या गाडीने पाठवेल. यांनी वाचलेलं नाही. उत्तर तिच्याच नावावर पाठव.

तुझं पत्र यांनी उभ्यानेच वाचलं आणि चुलीत टाकायला निघाले. मी मागून घेतलं. तुझा सगळा राग यांच्यावर आहे, आणि मला वाटलं होतं की तो तिथेच राहू द्यावा. तीन दिवस तसा राहू दिलाही. पण आता राहवत नाही.

यांनी माझी पेटी फोडली नाही. तुझं पत्र मीच दिलं.

थांब, फाडू नकोस. पुढचं याहून वाईट आहे. ते पुस्तक यांनी लिहिलेलंच नाही. यांना दोन माणसं समोरासमोर उभी करून चार वाक्यं बोलायला लावता येत नाहीत. प्रस्तावना यांची. बाकी पन्नासच्या पन्नास पत्रं मी लिहिली, दोन हिवाळे बसून. पहिल्यांदा यांनी प्रवचनासाठी एक पत्र लिहून मागितलं, मी लिहिलं, यांना आवडलं. या घरात माझं काही आवडलं असं पहिल्यांदाच झालं होतं, टॅबी. मग मी लिहीतच गेले. दुपारी दार लावून बसायला मिळायचं. कोणी हाक मारायचं नाही.

चौदाव्या पत्राशी माझं अडलं. नाही म्हणणारी मुलगी मला लिहिताच येईना. जी लिहीन ती लाकडाची वाटायची. तेव्हा तुझं पत्र काढलं. ते आलं तेव्हा वाचून मी खूप हसले असं तुला कळवलं होतं, ते खरं नव्हतं. मी ते वाचलं आणि माझ्या अंगाची आग झाली. बाबांनी मला थॉर्नलीसाहेबांच्या, म्हणजे यांच्या, पुढ्यात उभं केलं, तेव्हा माझ्याही तोंडात तो शब्द होता. मी तो गिळला. आई नव्हती, तू लहान होतीस, मी गेले तर घर उघडं पडेल आणि राहिले तर बाबांवर ओझं, असा सगळा विचार एकोणिसाव्या वर्षी केला आणि मान हलवली. आणि तू? तू नाही म्हणालीस, बाबा आठवडाभर घुमे राहिले, आणि नंतर परत तुझ्याच हातचा चहा प्यायले. तुझं काहीच झालं नाही! जग कोसळेल म्हणून मी ज्याला घाबरले, ते तू केलंस आणि जग जागच्या जागी.

तो आश्रम मी लिहिला. शिपाई मी लिहिला. तुझं मरण मी एका दुपारी लिहिलं, एकही शब्द न खोडता. ते लिहून झाल्यावर मला बरं वाटलं. हेही तुला माहीत असायला हवं.

माझे अश्रूही मीच बदलले. यांनी सांगितलं नव्हतं.

छापायचं असेल तर दोन्ही छाप. माझं नावही घाल. मी अडवणार नाही.

काय मागून सही करावी ते सुचत नाही.

ज्यूडिथ


वुस्टर, ता. ९ एप्रिल १७८६

ताई,

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं आणि दर वेळी वेगळ्या ठिकाणी रागावले. भावोजींवरचा राग सोपा होता. ते परके. तू मला न्हाऊ घातलं आहेस.

कोणा पुरुषाने स्त्रीने कसं वागावं ते लिहिलं असतं, तर पेगीने हसून त्या पानाचा हातमोज्यासाठी नमुना कापला असता. तुझी पत्रं मात्र इथल्या मुली खरी मानतात, कारण त्यांत बाई खरी बोलते. चर्चच्या गल्लीतल्या एका मुलीने चौथं पत्र वाचून आपल्या मनातल्या माणसाशी बोलणंच सोडलं. तो बिचारा तिची तब्येत विचारायला आला. हे तुझ्या दुपारच्या बंद दाराचं काम आहे.

नथॅनिएलचं सांगते. तो आला, टोपी हातात धरून. म्हणाला की माझा तुझ्यावर विश्वास आहे, फक्त आईच्या समाधानासाठी ते माफीपत्र उतरवून दे. पुस्तक तो बरोबर घेऊन आला होता, बाविसाव्या पत्रात खूण घालून. मी विचारलं की विश्वास असेल तर माफी कशाची? त्याने उत्तर दिलं की शब्द तर आहेत, लिहून टाकायचे. ताई, हा माणूस मला आवडतो. आवडत होता म्हणायला अजून जीभ वळत नाही. तरी मी नाही म्हटलं. आईला समजावायला थोडा वेळ दे म्हणाला. मी म्हटलं, हवा तेवढा घे, मी मोजणार नाही. जिन्याखाली जाईपर्यंत तो दोनदा थांबला. मी हाक मारली नाही. मग कातडी कापायच्या टेबलाशी बसून इतकी रडले की पेगीने सगळ्या बायकांना बाहेर काढलं.

दुसऱ्या दिवशी मिसेस स्केल्टनकडे गेले. दोन्ही पत्रं नेली होती. तुझं त्यांच्या हातात दिलं आणि परत मागून घेतलं. त्यांनी कारण विचारलं नाही, तरी मी सांगितलं. कायद्याने तू भावोजींची, मुली त्यांच्या, तुझ्या अंगावरचा झगाही त्यांचा. ते चिडले तर मुलींना तुझ्यापासून तोडतील आणि कुठलंही कोर्ट तुला उभं करणार नाही. माझा राग मोठा आहे, पण तो काढायला मला तुझ्या मुली नकोत. तुझं पत्र परत पेटीत आहे.

माझं तेवढं छापलं, एका कागदावर, गाळलेल्या वाक्यासकट, खाली माझं पूर्ण नाव. शेवटी दोन ओळी घातल्या: 'हे पत्र लिहिणारी मेलेली नाही. ती रोज सकाळी सहापासून हातमोजे शिवते.' बाजारच्या दिवशी पेगी आणि इतर बायकांनी तो कागद वाटला. मिस्टर क्रम्पनी भर बाजारात तो फाडला, त्यामुळे ज्यांनी घेतला नव्हता त्यांनीही मागून घेतला. बाबांनी दुकानात उभ्याने वाचला. सोमवारी काठी घेतली, तशा गुडघ्यांनी हेरफर्डच्या गाडीत चढले आणि तिथल्या दुसऱ्या व्यापाऱ्याकडून चामडं ठरवून आले. उतरताना मला म्हणाले की क्रम्पचं चामडं एरवीही पातळच असायचं. तेवढंच. मला तेवढं पुरे आहे.

तुला पुरे होईल असं माझ्याकडे अजून काही नाही. मी रागावलेली आहे आणि बराच काळ राहीन. पण पत्र बंद करणार नाही. लिही.

टॅबिथा


क्लीवेल, ता. २ मे १७८६

प्रिय टॅबी,

आशीर्वाद द्यायचा अधिकार राहिला आहे की नाही, ते तू ठरव. मी मनातल्या मनात दिला.

परत गिरणीवाल्याच्या बायकोच्या स्वयंपाकघरातूनच लिहिते आहे. तुझा कागद इथवर पोचला. कोणीतरी तो चर्चच्या दारात ठेवला होता. यांनी वाचला, घडी केली आणि खिशात घातला. चार दिवसांनी प्रकाशकाचं पत्र आलं. तुझ्या कागदामुळे पुस्तकाला मागणी वाढली आहे, दुसरी आवृत्ती काढू, पण एक नवं पत्र हवं. मेलेल्या मुलीच्या थोरल्या बहिणीचं, तिला क्षमा करणारं, आणि त्यात ओघाने सांगावं की बाजारात वाटले जाणारे कागद खोटे असतात.

यांनी टेबलावर कोरे कागद ठेवले, दौत भरली, माझ्यासाठी खुर्ची ओढली. शनिवारपर्यंत पुरं होईल का, असं विचारलं. मी म्हटलं की नाही लिहिणार. यांना वाटलं शनिवारपर्यंत नाही, म्हणून सोमवार चालेल म्हणाले. मी परत सांगितलं, सोमवारीही नाही, कधीच नाही. यांनी मला बरं नाही का ते विचारलं. मी म्हटलं, मी उत्तम आहे. मग यांनी मला लग्नात घेतलेल्या आज्ञापालनाच्या शपथेची आठवण करून दिली. मी म्हटलं, घर चालवीन, तुमचे कफ इस्त्री करीन, पण तिथे मी पुस्तक लिहून द्यायची शपथ घेतली नव्हती. आवाज चढवला नाही. हात एप्रनखाली घेतले होते. मुली दारात उभ्या होत्या. त्यांना आत जा म्हणायचं मला सुचलं नाही, आणि नंतर वाटलं की न सुचलं तेच बरं.

यांनी दौत उचलून कपाटात कुलूपबंद केली. तेव्हापासून स्वतः लिहायला बसतात. प्रकाशकाची दोन स्मरणपत्रं येऊन गेली. आजवर दीड पान झालं आहे आणि ते सगळं सहनशीलतेवर आहे. मी हसत नाही. मला भीती वाटते. मुलींना त्यांच्या आत्याकडे पाठवायची भाषा काल एकदा निघाली. परत निघेल. थोरली कॅथरीन मला म्हणाली की आई, तू नाही म्हणालीस तेव्हा बाबांचं तोंड कसं झालं होतं! मी तिला रागावायला हवं होतं. मी तिची वेणी घातली.

तुझा राग ठेव. तो मला हवा आहे, त्याशिवाय तुझं पत्र तुझं वाटणार नाही. माझ्याकडेही आता थोडा आहे, बारा वर्षं मुरलेला, आणि तो पहिल्यांदाच योग्य माणसाकडे तोंड करून उभा आहे.

एक सांगायचं राहिलं. यांनी कपाटाला कुलूप घातलं आणि खोलीबाहेर गेले. घर इतकं शांत झालं की चुलीवरचं पाणी ऐकू येत होतं. मी स्वयंपाकघरात गेले, कालचं गार मटण होतं ते ताटात घेतलं, पावाचा जाड तुकडा कापला, आणि सगळ्यांच्या आधी, उभ्याने, एकटीने पोटभर जेवले.

रागासकट जवळ धर, एवढंच मागते.

तुझी,
ज्यूडिथ