ब्लाउजच्या टेपने मोजलेला मृदंग

मोहाडी

तीर्थस्वरूप वीरेंद्रभाऊ यांस,

धाकट्या बहिणीचा, दीपमालाचा, वाकून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? नागपूरच्या फ्लॅटची लिफ्ट सुरू झाली की अजून बंदच आहे? करुणावहिनीची खुशाली विचारत नाही, तिच्याशी माझं बोलणं होत असतं. इकडे सगळे बरे आहेत, धान कापणीला आलं आहे. फोन असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. पण फोनवर तू कायम मीटिंगमध्ये असतोस, आणि घरच्या ग्रुपवर तुझ्याकडून रोज सकाळी फक्त एक गुलाब येतो. (गुलाब पोचतात. सगळे सारखेच असतात.) पत्राला निदान मधेच "नंतर बोलतो" म्हणता येत नाही.

बाबांचं वर्षश्राद्ध जवळ आलं आहे. त्या दिवशी अंगणात आमच्या महिला मंडळाचं भजन आहे, आणि आमच्याकडे मृदंग नाही. बाबांच्या दिवशी मृदंगाशिवाय भजन करायचं, म्हणजे नवरदेव सोडून वरात काढायची. हे संकट कसं आलं ते सांगते. आमच्यात मृदंग वाजवायचे वासुदेवराव. ते तहसील कचेरीतून निवृत्त झाले, तरी प्रत्येक थाप अर्जावर सही केल्यासारखी, समोरच्याला जरा ताटकळत ठेवूनच देतात. मंडळातली कुंताबाई एवढंच म्हणाली, "भाऊजी, जरा हळू वाजवा जी, देवाचं नावच आयकू येऊन नाही राहिलं." झालं. त्यांनी चष्मा थैलीत टाकला आणि "मग आता तुम्हीच वाजवा" म्हणून निघून गेले. "वाजवू ना!" कुंताबाई त्यांच्या पाठीवर ओरडली, "आमच्याजवळ धनीरामभाऊची पोरगी आहे!" अशी बाबांच्या नावावर माझी नेमणूक झाली. (मृदंगाचा माझा अनुभव तुला माहीत आहेच. बाबा वाजवायला बसले की मी कणीक मळायची आणि तू हातोडी घेऊन शेजारी बसायचास. थापेला आपल्यापैकी कोणीच हात लावला नव्हता.)

तरी मी अभ्यास केला. मृदंग म्हणजे पोकळ लाकूड आणि दोन तोंडं. उजवं तोंड लहान, त्यावर काळी शाई, आवाज चढा. डावं मोठं, त्याला भिजवलेली कणीक थापली की आवाज जड होऊन खाली उतरतो. दोन्ही तोंडं चामड्याच्या वादीने एकमेकांना ताणून धरलेली, आणि वादीखाली लाकडी गठ्ठे. गठ्ठ्यांना हातोडीने ठोकलं की वादी ताणते आणि सूर चढतो. म्हणजे दोन तोंडं, मधे सगळं पोकळ, आणि ठोकल्याशिवाय सुरात येत नाही. असे आपल्या नात्यात बरेच आहेत, म्हणून मला समजायला वेळ लागला नाही.

सुरुवातीला देवळातला मृदंग मागून आणला. मंडळातली सीताबाई म्हणाली, पीठ मी आणते. तांदूळ पिकवणाऱ्या घरात पीठ म्हणजे कोणतं, हे मला सुचायला हवं होतं. मी पदर खोचून येईपर्यंत तिने डाव्या तोंडावर तांदळाचं पीठ थापलंसुद्धा. पहिल्याच थापेला त्याचे गोळे उडाले. एक सीताबाईच्या चष्म्यावर बसला, एक विठ्ठलाच्या फोटोवर. "पीठ तं पीठच असते ना वं!" ती माझ्यावरच चिडली. दुसऱ्या दिवशी गव्हाची कणीक लावली. छान लागली, इतकी छान की वाजवून झाल्यावर खरवडायचं आनंदात विसरलो. उंदरांनी कणीक खाल्ली आणि तिच्यासोबत चामडंही. देवळाच्या कमिटीने आम्हाला पुष्कळ सुनावलं. (हा उंदीर गणपतीचाच म्हणून कमिटीने समजून घ्यावं, हा कुंताबाईचा मुद्दा कोणालाच पटला नाही.)

मग विकत घ्यायचं ठरलं, आणि सल्ले सुरू झाले. नवशिक्याने पहिलं वाद्य कोणतं घ्यावं हे, ज्यांनी कधीच वाजवलं नाही त्यांना नीट माहीत असतं. आमचे हे म्हणाले, आधी वर्षभर पाटावर वाजव, टिकलीस तर बघू. (ह्यांनी चालण्याचे बूट घेतले तेव्हा आधी वर्षभर अनवाणी चालून बघितलं नव्हतं.) शोभाताईंनी फायबरचा सुचवला, पावसाळ्यात चामडं सैल पडतं आणि फायबरचा धुता येतो म्हणून. वासुदेवरावांनी निरोप पाठवला की बायकांनी खंजिरी धरावी, मृदंगाला मांडी लागते. त्यावर कुंताबाईने भर चौकात उत्तर दिलं, "मांडी लागते म्हणे! अन् रोवण्यात दिवसभर चिखलात उभे रायतो आम्ही, थे का वासुदेवरावाच्या मांडीवर?"

शेवटी ती आणि मी एस.टी.ने भंडाऱ्याला गेलो. पितळी भांड्यांच्या दुकानांपलीकडे भैय्यालाल नावाच्या गृहस्थाचं वाद्यांचं दुकान आहे. त्याने एक चकचकीत मृदंग पुढे केला. "ताई, असली शिसम आहे." मी तो एका हाताने उचलला. शिसम एवढा हलका असता तर बाबांची पाठ जन्मभर दुखली नसती. डाव्या तोंडावर थाप मारली, तर भरल्या पोत्यावर हात आपटल्यासारखा आवाज. "हा मृदंग आहे का तांदळाचा कट्टा?" कुंताबाईने विचारलं. "नवा आहे, वाजून वाजून खुलेल," भैय्यालाल म्हणाला. आपण काही तरी पारखून घेतोय असं दिसावं म्हणून मी पर्समधून टेप काढून त्याची उंची मोजली. कुंताबाई दुकानाबाहेर ऐकू जाईल अशी म्हणाली, "मृदंगाले ब्लाउज शिवतेस का काय वं?" भैय्यालालची जीभ गोड, मी भोळी. तोच मृदंग माझ्या गळ्यात पडला.

आता तो घरात उभा आहे. दिसतो मात्र देखणा. तू बाबांच्या दिवशी येणार की नाही, हे तू अजून सांगितलेलं नाहीस, ते कळव. गुडघ्याला तेल लाव.

तुझी,
दीपमाला

ता. क. : तेरवी झाल्यावर "आठवण" म्हणून तू बाबांचा मृदंग गाडीत घालून नेलास. आता तो तुझ्या दिवाणखान्यात उभा आहे, त्याच्या शाईवर काच आहे आणि काचेवर तुझा चहा. पाहुणे कौतुक करतात असं ऐकलं. वर्षभर त्यावर कपाशिवाय कोणी काही ठेवलं नाही. न वाजवलेलं चामडं मरतं, भाऊ. येताना तो घेऊन ये. तुझ्या टेबलासाठी माझा ने. त्यातून आवाज येत नाही, म्हणजे टेबलाला अगदी योग्य.

आणखी ता. क. : मी भोळी, हे वर उगाच लिहिलं. टेबलाची उंची वहिनीने फोनवर कळवली होती. भैय्यालालकडे याहून चांगले मृदंग होते, पण त्या उंचीचा हाच होता.

शेवटचा ता. क. : पत्र टाकायचं मीच मागे ठेवलं. तू दौऱ्यावर असताना वहिनी माहेरच्या लग्नाला जाताना इकडून गेली. बाबांचा मृदंग देऊन, माझा घेऊन गेली. तू परत आल्याला आठवडा झाला. भैय्यालालच्या मृदंगावर तुझे बरेच चहा झाले असतील. तुझ्या लक्षात येतं का, याची मी वाट पाहिली. तुझ्याकडून गुलाब येत राहिले.

तेव्हा आता काही आणू नकोस. फक्त ये. बाबांची हातोडी माझ्याकडेच राहिली होती, तुझ्या दिवाणखान्यात ती शोभली नसती. कणीक मी मळून ठेवीन. बाबा मान वर न करता हात पुढे करायचे आणि तू त्यात हातोडी ठेवायचास. मीही तसाच हात पुढे करणार आहे.