त्या पोराला मासे घावले का

आबा, काल दुपारी आईला सांगून टाकलं. तुम्हाला वाचता येत नव्हतं, म्हणूनच एवढं मोकळं लिहितोय. येत असतं तर दुसऱ्याच ओळीला हात आखडला असता. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, त्यात मी कुठं कुठं गेलो ते तुम्हाला माहीत नाही. आधी पुण्यात हॉटेलात, मग सुरतेला कपडे रंगवायच्या कारखान्यात, आता इकडं तिरुपूरला. इथं टी-शर्ट शिवतात आणि मी त्यांना वाफेची इस्त्री मारतो. ह्याचं बूड एका जागी टिकत नाही असं तुम्ही म्हणायचात, ते अजून तसंच आहे. टी-शर्टच्या घडीत घालायचे पांढरे पुठ्ठे असतात, कोपरा मोडलेले बाजूला काढतात, त्यांच्यावर लिहितोय.

जेवणाच्या सुट्टीत मागच्या भिंतीला टेकून बसलो होतो, तेव्हा फोन आला. आधी थोरले काका होते. पालीकडची एक पोरगी पाहिलीय म्हणाले. "हाताला लई चपळ हाय, मायसंगं ऊसतोडीला कारखान्यावर गेलती. मुकादम जोड्या लिवून घ्यायला थांबलाय. दसऱ्याच्या आत ये. तुज्या बापाची लई इच्छा होती." मी म्हटलं, मला नाही करायचं. ते हसले. "अर्धा कोयता किती दिस ऱ्हानार बे?" मी म्हटलं, "मी कोयताच न्हाई काका, मी इस्त्री हाय." तिकडं कुणीतरी फसकन हसलं, बहुतेक काकूच. मग आईनं फोन घेतला आणि अंगणात गेली. कोंबड्यांचा आवाज आला म्हणून कळलं.

"तिकडं कुनी हाय का?" तिनं हळू विचारलं. म्हटलं, न्हाई. "मग कावून न्हाई म्हनतोस?" आणि मी सांगितलं. असं ठरवून बसलो नव्हतो. हातात भाताचा घास होता. "आई, मला हीच पोरगी नको असं न्हाई. कोनतीच नको. मला पोरी न्हाई, पोरं आवडत्यात. लहानपनापासून." मला वाटलं रडेल, नाहीतर शिव्या देईल. तिनं एवढंच विचारलं, "तुज्या बापाला ठावं होतं का?" मी म्हटलं, उद्या सांगतो. तो उद्या आज उजाडलाय आबा, आणि दुपारपर्यंत मला उत्तर द्यायचंय.

इथल्या माणसांना मी कोयत्याचं सांगतो तेव्हा त्यांना आधी काही कळत नाही. ऊस तोडायला जाताना आपल्याकडं माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात, आणि नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकानं तोडायचं, दुसऱ्यानं मोळी बांधायची. एकटा माणूस म्हणजे अर्धा. मी बारा-तेरा वर्षांचा असल्यापासून ऐकतोय, ह्याचा कोयता कधी पूर्ण करायचा. गावात पोरांची लग्नं होतात ती दसरा गाठायला होतात, हे मला तेव्हाही दिसत होतं. शाळा सातवीत सुटली, कारण परीक्षा असायची तेव्हा आपण कारखान्यावर गेलेलो असायचो. पोटाला ऊस लागत होता, त्याबद्दल तक्रार नाही. पण मला कुणी अर्धा म्हटलं की तेव्हाही कानाच्या पाळ्या तापायच्या आणि आजही तापतात.

सिरसाळ्याच्या बाजारात तुम्ही तो जुना मोबाईल घेतला होता, कोपऱ्यातून काच तडकलेला. ट्रॉलीत बसल्यावर गाणी ऐकायला घेतला म्हणालात, पण दिलात माझ्या हातात. त्या साली कारखान्याच्या गेटापाशी फुकटचं नेट मिळायचं. तिथं मला तो खेळ सापडला. वरच्या चित्रात समुद्र होता आणि आपल्यातल्या कुणी समुद्र पाहिलेला नव्हता, म्हणून उतरवून घेतला. त्या खेळात बंदुका नाहीत, गाड्या नाहीत. चित्रातली माणसं समोर उभी राहतात, खाली त्यांचं बोलणं लिहून येतं, आणि मधूनच सगळं थांबून तुम्हाला विचारतं की आता काय करायचं. आपण एक माणूस आहोत, समुद्राकाठच्या गावात मेलेल्या मावशीचं चहाचं दुकान चालवायला आलेला. गावात चार-पाच जण. सुरुवातीलाच सगळ्यांचे चेहरे एका ओळीत येतात आणि एक निवडायचा असतो. इंग्रजी मला नीट वाचता येत नव्हतं. मी समजलो, जोडी लावायचीय. कामाची. म्हणून मी मुकादम बघतो तसं बघितलं, मनगटं कुणाची जाड, खांदे कुणाचे रुंद, मोळी कोण उचलेल. दोन पोरी होत्या, नाजूक दिसल्या, सोडल्या. जाळी विणणारा एक पोरगा होता, त्याच्यावर बोट ठेवलं. चार दिवस मी वाट बघत होतो की आता काम सुरू होईल, आता सुरू होईल. पाचव्या दिवशी त्यानं माझा हात हातात घेतला. आबा, मी मोबाईल उसाच्या वाळल्या पाचटात उलटा टाकला आणि उसात पळालो. मग परत आलो आणि तो सुलटा केला.

पायाला कोयता लागून तुम्ही कोपीत, आपल्या पाचटाच्या झोपडीत, पडून होतात, त्या दिवसाचं मला आईला सांगायचंय की नाही, ते ठरत नाहीये. आई उसाच्या फडात होती. मला तुमच्याजवळ ठेवलं होतं, चुलीवर पाणी तापवायला. कोपीच्या पाचटातून उन्हाचे कवडसे पडलेत, तुम्ही पाय उशीवर ठेवून कंटाळलात आणि म्हणता, "काय बघतोस बे त्याच्यात इतकं?" मी म्हणतो, "नाटक हाय. पर आपून सांगंल तसं मानूस बोलतंय." तुम्ही मोबाईल डोळ्यांपासून लांब धरता. तो पोरगा रिकामं जाळं घेऊन दुकानाच्या पायरीवर बसलाय. खाली तीन छोटी चित्रं, मासा, कप आणि दार. मी सांगतो, मासे विचारायचे, चहा द्यायचा, का घरी धाडायचं. तुम्ही माझ्याकडं असं बघता की हे काय विचारणं झालं. "च्या पाज की आधी. रिकाम्या हातानं आलेल्याला काई इचारू नी." आणि तुमचं ते घट्टे पडलेलं बोट कपावर जोरात दाबता, बटण असल्यासारखं. मग मोठं चित्र येतं. एकच कप, त्याच्यावर दोन हात, दोन्ही पुरुषांचे, आणि त्याचं डोकं माझ्या खांद्यावर.

तुम्ही बराच वेळ बघत राहिलात. चुलीवरचं पाणी उकळायला लागलं. "ह्याच्यात पोरगी कुठाय?" तुम्ही विचारलं. "हाय, पर म्या तिला निवडली न्हाई." "कावून?" आबा, तो प्रश्न तुम्ही रागानं विचारला नव्हतात, एवढं मला पक्कं आठवतं. मी नुसतं म्हटलं, खेळ हाय. मग मात्र तुमचा आवाज बदलला. "काडून टाक. आत्ता, माज्यासमोर." मी दाबून धरलं, ते समुद्राचं चित्र थरथरलं आणि गेलं. "लगीन झाल्यावर असलं चालायचं न्हाई," तुम्ही म्हणालात आणि कूस बदलली. मी गरम पाण्यानं तुमचा पाय पुसला.

मग पाय जरा भरल्यावर तुम्ही लंगडत फडात उतरलात. तुम्ही तोडत होतात, मी मागं मोळ्या बांधत होतो, आई पाणी आणायला विहिरीवर गेली होती. मान वर न करता तुम्ही म्हणालात, "त्या पोराला मासं घावलं का रं?" मला आधी कळेचना कोणता पोरगा. कळलं तेव्हा असा राग आला की मोळीचा आवळलेला पीळच सुटला. म्हटलं, "तुमीच काडाया लावलं की! आता मला काय ठावं?" तुम्ही "हं" केलंत. कोयता तसाच चालू राहिला. त्याच उन्हाळ्यात कावीळ झाली आणि तुम्ही गेलात, आणि ती गोष्ट आपल्यात तेवढ्यावरच राहिली.

काका म्हणतात मोबाईलनं पोरगं बिघडलं. आता तर जास्तच म्हणतील. म्हणू द्या. मोबाईलनं मला काही केलं नाही. मी खेळाच्या आधीपासून असाच होतो, फक्त तोवर मला कुणी विचारलं नव्हतं. गुरुजींनी विचारलं नाही, मुकादमानं नाही, आणि वाईट वाटून घेऊ नका, तुम्हीही नाही. सगळे आधीच ठरवून यायचे आणि मी मान हलवायची. हा खेळ थांबतो. मी उत्तर देईपर्यंत पुढं सरकतच नाही. चहा पिऊन आलो, आंघोळ करून आलो, तरी तो पोरगा तिथंच उभा, वाट बघत. आयुष्यात असं कुणी माझ्या उत्तरासाठी थांबलेलं मी पाहिलं नव्हतं. नंतर असले पुष्कळ खेळलो. एकात दोन बाप्ये मिळून खानावळ चालवतात. एकात एक जण ना बाई ना बुवा, आणि गाव त्याला हवं तसं बोलावतं, भांडण नाही काही नाही. आपल्या गावात तमाशात असलं माणूस आलं की लोक हसायला सुरुवात करायचे, त्यानं अजून तोंडही उघडलेलं नसायचं. इथं कुणी हसत नाही. समोरच्यानं नाही म्हटलं तर नाही, तिथून उठायचं, हेही मी तिथंच शिकलो. आणि वाचायलासुद्धा. इंग्रजीचं मराठी करून देणारं यंत्र आलंय मोबाईलमध्ये, ते तहसीलच्या नोटिशीसारखं बोलतं. "मी आपल्या उपस्थितीमुळे आनंदित आहे." मी मनातल्या मनात सरळ करून घेतो, तू आलास, बरं वाटलं.

इथं मी लपवतसुद्धा नाही. शेजारच्या टेबलावर एक ओडिशाचा आहे, तो परवा खांद्यावरून डोकावला. "किसको पटा रहा है?" मी मोबाईल सरळ त्याच्यापुढं धरला. त्यानं बघितलं. "लड़का है?" म्हटलं, हाँ. तो विचार करून म्हणाला, "बाल अच्छे हैं," आणि इस्त्रीला लागला. एवढंच. मी उगाच मुठी आवळून बसलो होतो.

काही जण म्हणतील, चित्रांवर जीव लावतो, खरं कुणी नाही. नाहीच. कधी असेल, कधी नसेलही. पण कुणाची तरी पोरगी आणून तिला उसात उभी करायची, तिच्या मोळ्यांवर माझा कोयता पूर्ण म्हणवून घ्यायचा आणि तिच्याकडं आयुष्यभर पाठ करून झोपायचं, हे मी करणार नाही. मुकादमानं वहीत मला काय लिहायचं ते लिहावं. मी अर्धा नाही आबा. मी कधीच अर्धा नव्हतो.

आता आईचा प्रश्न. सोपं उत्तर माझ्याकडं आहे. सांगू शकतो, आबांना ठावं होतं, ते काही बोलले नव्हते. तिला धीर येईल, काकांचं तोंड बंद होईल, कारण मेलेल्या माणसाशी कोण भांडणार. पण तुमच्या तोंडात हवं ते घालायचं काम काकाच करतात, तुज्या बापाची इच्छा होती म्हणून. मी पण तेच केलं तर त्यांच्यात आणि माझ्यात फरक काय. तुम्ही काढून टाक म्हणालात, हे घडलं. नंतर त्या पोराचं विचारलंत, हेही घडलं. तुम्ही जगला असतात तर ह्या दोघांतलं कोणतं मोठं झालं असतं, मला माहीत नाही. कदाचित तुम्ही मला मारलं असतं, आणि मीही मग घरात थांबलो नसतो. म्हणून आईला सांगणार आहे, ठावं होतं का ते मला ठाऊक नाही, आणि माझ्या उत्तराला त्यांच्या ठाऊक असण्याची गरज नाही. तू काय म्हणतेस ते सांग. आणि मग मी थांबणार आहे, ती बोलेपर्यंत. फोन ठेवणार नाही.

जेवणाच्या सुट्टीची घंटा होईल आता, मग आईला फोन. हे पुठ्ठे संध्याकाळी रद्दीच्या पोत्यात जातील, नाहीतर माझ्या पिशवीत राहतील, तुमच्याकडं काही येणार नाहीत. पण मासे घावले आबा. सुरतेला असताना तो खेळ परत मिळाला, शेवटपर्यंत खेळलो. मासे विचारले तर तो उठून जातो आणि पुन्हा येत नाही. घरी धाडलं तरी तेच. चहा दिला तरच सकाळी होडी काढतो, आणि जाळं भरून येतं. तिन्ही करून पाहिलं मी. आणि एक आहे, ते आईलाही सांगणार नाही. आता कोणताही खेळ असू दे, समोर कुणीही असू दे, जिथं चहा देता येतो तिथं मी बाकीचं वाचतसुद्धा नाही.